गोदामाच्या बाजूचा पट्टा

३ मार्च
"यंत्राने मनासारखं उत्तर दिलं, की आधी घाबरायचं." मी नवखी असताना सर म्हणाले होते.
आज यंत्राने अगदी मनासारखं उत्तर दिलं! विश्वाच्या जन्मानंतर उरलेल्या उबेतले जे बारीक चढउतार इतकी वर्षं शोधतोय, ते म्हणे सापडले. टाळ्या. मीही वाजवल्या.
मग नोंदी नीट पाहिल्या. दुर्बीण नव्या पत्र्याच्या गोदामाकडे वळली की नकाशातला तो चढउतारांचा पट्टा गडद होतो. आकाशाला आमच्या गोदामाशी काय देणंघेणं?

५ मार्च
उपाय साधा आहे. डिटेक्टर ज्यात अतिथंड ठेवलाय ते भांडं काटकोनात फिरवून पुन्हा बघायचं. पट्टा आकाशातला असेल तर जागचा हलणार नाही. आमच्या यंत्राचाच असेल तर भांड्याबरोबर फिरेल.
पण फिरवायची मोटर आत गारठून अडकलीय. सोडवायची तर भांडं गरम करा, उघडा, परत थंड करा — महिना गेला.
मुंगीला सांगितलं. माझी पहिली विद्यार्थिनी, आता माझी साहेब.
"ताई, तोवर दुसरी मंडळी छापून मोकळी होतील!"
"होऊ देत."
"तुमचं काय जातंय म्हणायला? पोरांच्या नोकऱ्या आहेत यावर."
खरंच आहेत. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

६ मार्च
डोकं दुखतंय.

९ मार्च
नवरा म्हणाला, "अंशाचा लाखावा भाग मोजतेस, आणि घरातला गीझर धड तापत नाही, तो कोण बघणार?" हसले. हसता हसता रडूच आलं. तो शेजारी येऊन बसला.
"चुकलंय याची खात्री आहे तुला?"
नाही ना! तेच तर. मला फक्त बघायचंय.

१२ मार्च
बैठक. नोंदींतून गोदामाची ऊब "वजा केलीय" म्हणे. किती वजा केली? अंदाजाने! मी तेच तेच बोलत राहिले. माझाच आवाज मला नकोसा झाला. मुंगीने टेबलाखाली माझा हात दाबला — तिच्या तोंडी परीक्षेआधी मी तिचा दाबला होता, तसा.
शोधनिबंध सोमवारी छापायला जाणार. यंत्र मी बांधलं, म्हणून पहिलं नाव माझं.

१४ मार्च
उद्या तिच्या खोलीत जाईन. दार लावून घेईन, पोरांनी ऐकायला नको. ती नाहीच म्हणणार, यंत्र बांधणारीचंच नाव नसलं तर जो तो विचारेल, का नाही? तरी मी म्हणणार —
मुंगी, निबंधावरून माझं नाव काढून टाक.