कात्री थांबली तेव्हा

मंगळवार, ११ मार्च

आमच्या बाईसाहेबांना,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. आपली पोर, भिंगरी, आत्ता गादीवर उताणी पडून पंख्याकडे बघतेय. धाकट्याचा खोकला गेला का? आईला म्हणावं, त्याला सारखं उचलून घेऊ नको, कंबर धरेल. आणि तू वेळेवर जेवत जा.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर मी बोलत सुटतो, तू मधेच "बोलली का?" विचारतेस आणि मी धाकट्याचा खोकला काढतो. आता चार वेळा खोडून का होईना, सगळं लिहून टाकणार आहे.

इथे खाली थेरपीच्या खोल्या आहेत आणि वर आम्हा घरच्यांची राहायची सोय. सकाळी झोपाळा, उड्या, वाळूत हात घालणं. दुपारी बोलण्या-सांगण्याचा तास. पोरांपेक्षा आईबापांचीच शाळा जास्त! भिंगरीला शिकवणाऱ्या बाईंचे केस कुणीतरी इतके वाकडे कापलेत की माझे हात शिवशिवतात, पण माणूस फार चांगलं. त्यांनी आम्हा बापलेकींच्या खेळाचा व्हिडिओ काढून मला दाखवला.

"दादा, काय दिसतंय?"

"मी मस्त खेळतोय की तिच्याशी."

"पुन्हा बघा."

पुन्हा बघितला. मी म्हणतोय, "चेंडू हवा? हवा ना? हो? हा घे!" प्रश्न माझा, उत्तरही माझंच. पोरीने मान वर करायच्या आत चेंडू तिच्या हातात.

"तिला सांगायला जागाच कुठे ठेवलीत?" बाई म्हणाल्या.

गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यापासून उठेपर्यंत ज्याची टकळी बंद होत नाही, त्याला गप्प बसायला सांगितलं, बघ! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. पण शिकलो. चेंडू हातात धरायचा, तिच्याकडे बघायचं आणि वाट बघायची. सुरुवातीला जीव नुसता कासावीस व्हायचा. मग एका दुपारी तिने माझं मनगट धरून ओढलं आणि मान वर करून थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. काय मागायचं ते मागून झालं होतं तिचं.

आता बाईंनी तिला चित्रांची पाटी दिलीय. चेंडू, पाणी, झोका, आणखी, थांब. हवं त्यावर बोट ठेवायचं. निघताना तू मला बजावलं होतंस, "खाणाखुणा नकोत, तोंडाने बोलायला शिकव." विसरलो नाही. पण शनिवारी काय झालं ते आधी वाच, मग काय रागवायचं ते रागव.

गावभरच्या पोरांचे केस कापणारा मी, आपल्या पोरीचे मात्र ती झोपल्यावर चोरासारखे कापतो. तू उशी धरतेस. बाई म्हणाल्या, जागेपणी करून बघू. रोज थोडं थोडं केलं. आधी नुसती कात्री दाखवली, मग हवेत चालवून आवाज ऐकवला, मग कंगवा. शनिवारी भिंगरी आरशासमोर बसली, मांडीवर पाटी. मी उजवी बाजू कानापर्यंत आणली. तिचे खांदे वर चढायला लागले. पूर्वी यानंतर किंचाळणं आणि डोकं आपटणंच असायचं. पण तिने बोट उचललं आणि "थांब"वर ठेवलं.

माझा हात सवयीने पुढे चालला होता. "झालंच गं, एवढीच बट," असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. कात्री खाली ठेवली.

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. कात्रीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे. खांदे हळूहळू खाली आले. आपण सांगितलं आणि बाबा खरंच थांबला, हे तिला पटत नव्हतं गं. रविवारी आपण होऊन त्याच खुर्चीत जाऊन बसली, मी कात्री उचलताच "थांब"वर बोट ठेवलं आणि खदाखदा हसली. मग दिवसभर तोच खेळ.

आता फोनवर टाळत होतो ते सांगतो. इथल्या डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं, ती तोंडाने बोलेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. काही शब्द येतील, कदाचित येणारही नाहीत. मी खाली जाऊन बाकावर बसलो आणि रडलो. बाईंना विचारलं, पाटीची सवय लागली तर तोंड आणखीच बंद होईल का? त्या म्हणाल्या, पाटीमुळे आवाज अडत नाही. यायचा तो येईलच, तोवर पोरीने मुकं का राहायचं? तेव्हा तुला न विचारता मी हो म्हणालो. पाटी घरी येणार, मोठी, जास्त चित्रांची. त्यात आईचं चित्र म्हणून तुझा फोटो लावलाय. माझा निर्णय बरोबर आहे, हे मी तुला तोंडावरही सांगेन.

येत्या रविवारी पोचतो. दारात तिला "आई म्हण" असं म्हणू नकोस. खाली बस आणि वाट बघ. वेळ लागेल, लागू दे. आणि हो, तिची डावी बाजू अजून खांद्यापर्यंत लोंबतेय. बसमध्ये, रस्त्यात लोक बघतील. विचारलं तर सांगेन, हो, न्हावी मीच, आणि आमच्या गिऱ्हाइकाने थांब म्हटलंय.

तुझा, आणि दोघांचा बाबा