शिट्टी कुणाची

लबक, टेक्सस
९ फेब्रुवारी

प्रिय शेल्बी,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मिळालं. उत्तर मुद्दाम उशिरा लिहितेय. आम्ही ठीक आहोत. आईचा गुडघा आता बरा आहे. रॉस शाळेच्या संघाला बेसबॉलचं पिचिंग, म्हणजे चेंडू टाकणं, शिकवतो.

तुझ्या ड्वेनची मुलाखत टीव्हीवर पाहिली. रडणं छान जमलंय त्याला. संघाचा प्रशिक्षक असून म्हणतो, खेळाडूंनी केलं, मला पत्ता नव्हता. खेळाडू म्हणतात, वरून सांगितलं. मालक म्हणतो, मी फक्त तिकिटं विकतो. मग तो कॅमेरा बहुधा स्वतःच भिंतीवर चढला आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा ते आमचा कॅचर रॉसला ज्या बोटांच्या खुणांनी सांगायचा, त्या टिपू लागला.

रॉसने चौकशी समितीपुढे जाऊ नये, घरच्यांनी घरच्यांना सांभाळावं, असं तू लिहिलंस. रॉस जाणारच नव्हता. तुमच्या संघाविरुद्धच्या त्या सामन्यात आपलाच हात चालला नाही, असं तो इतकी वर्षं धरून बसलाय. त्या सामन्यानंतर त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं, परत कुणी बोलावलं नाही. तुझ्या नवऱ्याने तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "वाईट दिवस येतात, रॉस."

तुझ्याबद्दल लिहायचं नव्हतं. पण आता लिहितेच.

त्या सामन्याला आपण शेजारी बसलो होतो. तुमच्या संघाच्या बाकावरून शिट्टी आली की तू माझ्या मांडीवर थाप मारायचीस आणि म्हणायचीस, "आता बघ." की चेंडू थेट कुंपणाबाहेर. मला वाटलं, ड्वेनच्या संसारात राहून तुला खेळ कळायला लागला. मी तुझं कौतुकही केलं. तू हसलीस.

शिट्टी म्हणजे हळू चेंडू येणार, अशी तुमच्या फलंदाजाला दिलेली खूण होती, आणि हे तुला ठाऊक होतं. आणि समोर चेंडू टाकत होता तो रॉस, माझा नवरा.

म्हणून समितीपुढे मी गेले. तुझे ते दोन शब्द सांगितले. त्यांनी विचारलं, बहिणीला हे कुणाकडून कळलं असेल? मी म्हटलं, "नवऱ्याशिवाय तिच्याशी बेसबॉलबद्दल कोण बोलतं?" पुढचं तुला माहीतच आहे. ड्वेनवरच्या बंदीची बातमी काल इकडेही आली.

रॉसला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी माझा चेंडू नीटच वळला होता." बाकी कुणाचं नावसुद्धा घेतलं नाही त्याने.

ईस्टरला आईने दोघींना बोलावलंय. मी जाणार आहे. तू यायचं की नाही ते ड्वेनला विचारू नकोस. निदान एवढं तरी स्वतः ठरव.

केन्ड्रा