फरशीचोराला सोडणार नाही

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. सांगणार मी, लिहिणार सून. अट एकच. मी सांगेन तेवढंच लिहायचं, मध्ये आपलं तोंड घालायचं नाही. वही फक्त माझ्यासाठी. मला वाचता येत नाही, ती गोष्ट वेगळी.

झालं असं. पंधरा दिवस तापानं घरात होते. परवा पहिल्यांदा बाहेर पडले आणि शिंप्याच्या दुकानासमोर फुटपाथवर सपशेल आडवी झाले. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर, अंगठाही आत. कारण? फुटपाथची एक अख्खी फरशी गायब! तिथं चार बोटं खोल खड्डा. आजूबाजूच्या फरश्या जागच्या जागी. म्हणजे चोरीच की. कसले लोक आहेत, पायाखालची फरशीसुद्धा सोडत नाहीत!

लेक म्हणतो, आई, वय झालं तुझं, आता एकटीनं बाहेर जायचं नाही. वय? तीस वर्षं त्या शिंप्याकडे काजं करते मी. अजून बिनचष्म्यानं सुईत दोरा ओवते. पडले ती खड्ड्यानं. फुटपाथ नगरपालिकेचा. त्यांच्या ऑफिसानं भरपाई दिली म्हणजे चूक त्यांची, हे कागदावर आलं. तो कागद लेकाच्या नाकासमोर धरायचा, चपला घालायच्या, निघायचं. आठ दिवसांचं काम.

५ मार्च
अर्ज केला. मी चार पानं सांगितला, सुनेनं एका पानात बसवला. मागण्या तीन : भरपाई, माफी, फरशीचोराला शिक्षा. सून म्हणाली, शिक्षेचं राहू द्या. हिला चोराचा पुळका का? ठणकावून लिहून घेतलं.

८ मार्च
ऑफिस. तीन खिडक्या, एक माणूस. त्यानं अर्ज वाचला नाही, अंगठा बघितला. डावा चालत नाही म्हणे, उजवा लागतो. मी म्हटलं, उजवा तुमच्याच कृपेनं प्लास्टरमध्ये आहे. म्हणाला, मग प्लास्टर निघाल्यावर या. मी तिथंच बाकावर बसले आणि मोठ्यानं कण्हायला लागले. वीस मिनिटांत डावा चालला. नियम म्हणे!

येताना लेकानं माझा दंड धरला होता. दंड! चोराला धरतात तसा.

१२ मार्च
डोकं शांत करायला मागच्या दारी बसले. सून धुणं धूत होती. हात जरा जोरात चालव म्हटलं. माझ्या फरशीवर हलक्या हातानं धुतलेलं मला खपत नाही.

फरशी कशी आहे! गुळगुळीत, दणकट, आणि एका कडेला सुरेख नक्षी कोरलेली, फुलं-वेली म्हणा. मी तापात होते तेव्हा जुनी फरशी फुटली. हातगाडीवाल्याला सांगितलं, बाबा, धुण्यासाठी एक चांगली फरशी बघ. संध्याकाळी घेऊन हजर. कुठली ते सांगायला लागला, मी त्याला गप्प केलं. चांगल्या वस्तूला गाव विचारू नये.

सून मध्येच म्हणाली, सासूबाई, त्या नक्षीबद्दल जरा बोलायचं होतं. म्हटलं, नक्षीत तुला काय कळतंय? धू.

१६ मार्च
ऑफिसकडून काही नाही. मी स्वतः तपास सुरू केला. संशयित : भाजीवाला, त्याच्या टोपल्यांखाली काहीतरी सपाट आहे. शेजारीण, दारात नवी पायरी केली आणि मला बघून आत गेली. स्वतः शिंपी, कारण मी पडले तेव्हा फार लवकर धावत आला.

भाजीवाल्याच्या टोपल्या उचलायला लावल्या. खाली पोतं निघालं. तो रागावला. खऱ्या माणसाला राग येत नाही. त्याचं नाव यादीत ठेवलंय.

शिंप्यानं निरोप पाठवला, काजांना दुसरी बाई बघू का? बघ म्हणावं, आणि नंतर बटणं पोटावर धरून फिरणारी गिऱ्हाइकंही बघ.

२१ मार्च
विजय! ऑफिसातून साहेब येणार, जागेवर पाहणी करायला. मग घरी जबाब. लेकाला म्हटलं, सुट्टी घे आणि ऐक. सुनेला आज पुन्हा काहीतरी सांगायचं होतं. म्हटलं, साहेब गेल्यावर.

२४ मार्च, दुपार
साहेब आले. तरणा, सज्जन. खड्डा मोजून आला होता, हात मातीनं भरलेले. म्हणाला, आजी, ती साधी फरशी नव्हती. खाली पाण्याच्या पाइपाचा जोड आहे, म्हणून तिच्यावर आमच्या ऑफिसचं नाव आणि नंबर कोरलेला होता. मी म्हटलं, बघा, सरकारी नावाचीसुद्धा भीती नाही चोराला! सापडला तर त्याला भर चौकात उभा करा.

मग मीच म्हटलं, चला, मागच्या दारी हात धुऊन घ्या.

साहेब धुण्याच्या फरशीवर उभा राहिला. खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खिशातून कागद काढून फरशीशी ताडून पाहिला.

आजचं एवढंच.

२५ मार्च
काही सांगायचं नाही.

२७ मार्च
सुनेला विचारलं, तुला वाचता येतं, तू का नाही बोललीस? म्हणाली, चारदा तोंड उघडलं, सासूबाई. हातगाडीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आजी, हलत होती म्हणून उचलली, तुम्हाला सांगतही होतो. सगळे मला सांगतच होते म्हणे! जरा ओरडून सांगायला काय झालं होतं?

२ एप्रिल
अर्ज फेटाळला. फरशी पुन्हा जागेवर नेऊन द्या, नाहीतर कारवाई. सुनेकडून तीनदा वाचून घेतलं. कारण दिलंय, फरशी अर्जदाराच्याच घरी सापडली. वय कुठंही लिहिलेलं नाही. लेकाला म्हटलं, बघ, सरकारी कागद आहे, मी म्हातारपणानं पडलेली नाही. लेक इतका हसला की भिंतीला टेकला. मग म्हणाला, जा आई, एकटी जा. पण येताना काही उचलून आणू नकोस.

१६ एप्रिल
प्लास्टर निघालं. एकटी शिंप्याकडे गेले. दुसऱ्या बाईची काजं बघितली. सगळं रामभरोसे. अर्ध्या तासात चार केली, बोटं आखडली, उरलेली घरी घेऊन आले. भाजीवाल्यानं मला बघून टोपल्या स्वतःच उचलून दाखवल्या.

फरशी जागेवर बसवलीय. एका कोपऱ्याला हलते. येताना पाय घसरला, शिंप्याच्या खांबाला धरून वाचले. कुणी बघितलं नाही. घरी सांगायचं नाही, ऑफिसात तर मुळीच नाही.

सुनेला म्हटलं, हे घसरण्याचं लिहू नकोस. ती खाली मान घालून बराच वेळ लिहीत होती. काय लिहिलं, मला काय कळणार!