जास्तीची किडनी

डुलुथ,
१४ नोव्हेंबर

प्रिय मार्नी,

पत्र बघून चकित झाली असशील. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच सोडतेस, मग म्हटलं टपालानं आलेलं तरी उघडशील. तू, टॉड, पोरं, सगळे बरे आहात ना? गाडीला बर्फात चालणारे टायर बसवलेस का? दरवर्षी पहिल्या बर्फात घसरतेस आणि खापर रस्त्यावर फोडतेस.

मी डायलिसिसच्या खुर्चीत बसून लिहितोय. डाव्या हातात सुया आहेत, कागद सारखा सरकतो, तेव्हा अक्षर सांभाळून घे. पाय एका जागी ठरत नाहीत. किडन्या गेल्या की असं होतं म्हणे, आतून मुंग्या फिरल्यासारखं. शेजारच्या खुर्चीतल्या वर्नाबाई मघाशी म्हणाल्या, "वेंडेल, नाचायचं तर उठून नाच बाबा, बसल्या बसल्या मला घेरी आणू नकोस." बटाटा बंद, टोमॅटो बंद, संत्रं बंद, पाणीही मोजून. तहान लागली की बर्फाचा खडा चघळतो. एवढ्या मोठ्या सरोवराच्या काठावर राहून मी पाण्याला महाग झालोय.

कॉलेजात शिकवणं मात्र चालू आहे. यंदा शरीररचनेच्या वर्गात बरीचशी नर्सिंगला जाणारी पोरं आहेत. हाडं झाली, स्नायू झाले, हृदय आणि फुप्फुसंही झाली. किडनीचा धडा मी पुढे ढकलत होतो. पचनसंस्था आधी उरकली, मग उगाच एक उजळणी घेतली. शेवटी गेल्या आठवड्यात मेंढीच्या किडन्या ट्रेमध्ये मांडल्या आणि खडू हातात घेतला.

फळ्यावर चित्र काढलं. उजवी किडनी डावीपेक्षा जराशी खाली, कारण तिच्या डोक्यावर यकृत बसलेलं असतं. काढून झाल्यावर लक्षात आलं की हे पुस्तकातलं चित्र नाही, तुझं आहे. ऑगस्टमध्ये तपासणीनंतर तू मला स्कॅनचा फोटो पाठवला होतास ना, तो. खाली लिहिलं होतंस, "दोन्ही झकास आहेत, कुठली हवी बोल." तो फोटो मी इतक्या वेळा पाहिला की हाताला पाठ झालाय.

त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलचा फोन आला. तुमची बहीण दाता म्हणून योग्य नाही; का, ते आम्हाला सांगता येत नाही. एवढंच. आणि तेव्हापासून तू गप्प.

वर्नाबाईंचं मशीन वाजतंय. नर्स येऊन नळी सरळ करून गेली. इकडे हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला, निम्मा वर्ग गैरहजर असतो. हे सगळं मी का लिहितोय ते तुला कळत असेल.

लिहूनच टाकतो. दात्याला हॉस्पिटलवाले एकट्याला बसवतात आणि सांगतात, कुठल्याही दिवशी मागे फिरावंसं वाटलं तर फक्त आम्हाला सांगा, घरच्यांना आम्ही 'योग्य नाही' एवढंच कळवू. ही पद्धत मला माहीत आहे, रुग्णांच्या पहिल्याच बैठकीत सांगितली होती. आणि पद्धत चांगली आहे. तुझी तपासणी खरंच कुठे अडकलीही असेल. पण मी तो फोटो पाहिलाय, मार्नी, आणि हीच गोष्ट शिकवून मी पोट भरतो.

मी चिडलो. खूप चिडलो. तुला सायकल शिकवली होती, त्याचीसुद्धा मनातल्या मनात परतफेड मागून झाली. आंघोळ करताना तुझ्याशी भांडायचो आणि दरवेळी जिंकायचो.

तर त्या दिवशी वर्गात मी सांगितलं की एका किडनीवरही माणूस चांगला जगतो. मकेना नावाची हुशार पोरगी आहे, तिनं विचारलं, "सर, म्हणजे दुसरी जास्तीचीच की?"

"जास्तीची नसते," मी म्हणालो. "दोघी रात्रंदिवस राबतात. कुणासाठी राखून ठेवलेली, बिनकामाची बसलेली, अशी एकही नसते."

आवाज चढला असावा, कारण सगळे ट्रेकडे बघायला लागले. मी मकेनाची माफी मागितली. घरी येता येता उमगलं. इतके महिने मी तुझी ती किडनी माझीच समजत होतो, तुझ्याकडे नुसती ठेवायला दिल्यासारखी.

आता आईचं. रविवारी चर्चनंतर कॉफी पिताना ती म्हणाली, "मार्नीला काय धाड भरलीय? मुलगी धडधाकट आहे. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर विचारतेच तिला." आईला तू ओळखतेस, ती टर्की कापायच्या आधीच विचारेल.

मी म्हणालो, "आई, तिला काही विचारू नकोस. डॉक्टरांना मीच सांगितलं, तिची नको. तिची पोरं लहान आहेत."

आईनं कप ठेवला, कोट उचलला आणि गेली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मामालाही तिनं फोन करून सांगितलं की पोरगा डोक्यावर पडलाय. म्हणजे आता घरात वाईट मी आहे, तू नाहीस. थँक्सगिव्हिंगला ये. विषय निघालाच तर माझ्यावर चिडल्यासारखं कर, ते तुला छान जमतं.

पण तुझ्यापाशी खोटं नको. मी नको म्हटलं नव्हतं. मला हवी होती. अजूनही हवी आहे, आणि उद्या तुझं मन बदललं तर नको म्हणण्याइतका मी थोर नाही. नाही बदललं तर किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे, आणि तोवर किडनीचं काम हे मशीन ओढूनताणून करतंय. तुझं काम करणारं मात्र इथे काही नाही. तेव्हा दोन्ही किडन्या घेऊन ये.

तुझ्यावर अजून थोडा चिडलेला,
तुझा भाऊ
वेंडेल