पायरीवरची पांढरी जागा

गिरगाव, मंगळवार संध्याकाळ

चर्चच्या पायरीवर मेणबत्त्या विकणाऱ्या रोझीमावशी गेल्या. आज त्यांच्या मुलीने मला फाटकातच गाठलं. "अंकल, तुम्ही रोज संध्याकाळी समोर बसून चर्च रंगवायचे ना? मम्मी सांगायची, चित्रात मी पण हाय. दाखवा ना. तिचा धड फोटोच नाय."

होत्या की. त्यांच्या पांढऱ्या झग्यापुरता कागद कोरा सोडला होता मी. मग वाटलं, त्या पांढऱ्यामुळे भिंतीवरच्या उन्हावरून नजर हटतेय, म्हणून त्यांच्यासकट पायरीवर सावलीचा रंग फिरवला. जलरंगात झाकलेलं पांढरं परत येत नाही, हे शाळेत मीच शिकवायचो!

मुलीला म्हणालो, उद्या आणतो. का म्हणालो?

घरी येऊन ती पायरी ओल्या स्पंजने पुसत बसलो. बरोबर मावशी बसायच्या तिथेच कागदाला भोक पडलं.