लुकलुकणारा लाल दिवा

प्रिय शिवकुमार,

तीन वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्यात काय, तर दामिनीला पिक्चर काढायचाय, कॅमेरा कोणता घ्यावा, आवाजाचं सामान कोणतं, सांग. मी कशी आहे, आहे तरी का, याची चौकशी नाही. असो. जळकोटला तुमच्या दुकानात काउंटरखाली बसून चिंध्या गोळा करणारी तुझी भाची लातूरला कॉलेजात गेली आणि तिला पिक्चर काढायचाय, हे वाचून हसू आलं. मामाच्याच वळणावर गेली म्हणायची. फोनवर दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण मला जे सांगायचंय ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून कागद घेतला. शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून गल्ल्यात ठेवशील, तुझी सवय मला माहीत आहे.

आधी कॅमेऱ्याचं. तिला सांग, नव्याकोऱ्याच्या नादी लागू नकोस. नांदेडला लग्नाचं शूटिंग करणारे दर सीझनला कॅमेरे बदलतात, त्यांच्याकडे जुनी बॉडी चांगली मिळते. मीही आता त्यांच्यातलीच एक आहे, हळदीपासून पाठवणीपर्यंत डोक्यावर हेडफोन, त्यामुळे कोण सामान जपून वापरतं ते मला ठाऊक आहे. घेण्याआधी एकदा भर उन्हात आणि एकदा घरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चालवून बघायचा. तेही जमलं नाही तर मोबाइलवर काढ म्हणावं. चित्र थोडं फिकं असलं तर लोक चालवून घेतात, आवाज फाटका असला की उठून जातात. म्हणून हातात जे पैसे असतील त्यातले जास्त आवाजावर घालायचे.

आपल्या पिक्चरच्या वेळी हेच मी तुला लातूरच्या गंजगोलाईतल्या त्या चहाच्या टपरीवर सांगत होते. आपण तीन चहा प्यायलो आणि तीन वेळा भांडलो. तुला ती लांबची लेन्स हवी होती, म्हणजे अव्वांना कॅमेरा दिसणार नाही आणि त्या मोकळ्या वागतील. तुझ्या आईवर माझाही जीव होता, म्हणून मी हरले. लेन्स आली आणि आवाजाच्या वाट्याला उरलंसुरलं आलं: एका कीर्तनवाल्याचा जुना रेकॉर्डर, एक कॉलर माइक आणि तू रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेलं स्वस्तातलं कार्ड. त्या कार्डाने दगा दिला आणि अव्वांचा आवाज गेला, असं तू आजही धरून बसलायस. मेसेजच्या शेवटी लिहिलंयस, 'कार्ड मात्र चांगलं घ्यायला सांग, माझ्यासारखी चूक नको.' ती ओळ मी मुखेडच्या स्टँडवर वाचली. समोर नांदेडची बस लागली, भरली आणि निघून गेली, मी बाकड्यावर बसूनच होते.

शिवू, तो दिवस मला तुझ्यापेक्षा जास्त आठवतो. तू रस्त्यापलीकडे नरसिंगच्या पिठाच्या गिरणीत कॅमेरा लावून बसला होतास. अलीकडे तुमच्या ओसरीवर अव्वा, कानाला फोन. पुण्याला गेलेल्या लेकाशी एक आई बोलते, एवढंच सांगितलं होतंस त्यांना, लिहून काहीच दिलं नव्हतंस. मी दाराआड पोत्यावर बसले होते, मांडीवर रेकॉर्डर, कानाला हेडफोन. अव्वा अकरा मिनिटं बोलल्या. तुझ्या कॅमेऱ्यात त्यांचे ओठ, डोळे, पदराशी चाळा करणारी बोटं, सगळं सोन्यासारखं आलं, पण आवाज म्हणून आली ती गिरणीची घरघर. खरा आवाज माझ्या रेकॉर्डरवर असणार होता. संध्याकाळी मी तुला म्हटलं, कार्ड उघडत नाही, बिघडलंय. तू डोकं धरून पायरीवर बसलास. मग अव्वाच बाहेर येऊन तुला समजावू लागल्या, 'जाऊ दे की रे, दिवाळी झाली की पुन्हा बोलते. माझं तोंड कुठं पळून चाललंय?' दिवाळीत त्यांना अंथरुणावरून उठवत नव्हतं आणि संक्रांतीच्या आधी आपण त्यांना समाधी दिली. तुमच्या लिंगायत रीतीने त्यांना बसवून तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा मी बायकांच्या मागे उभी होते आणि त्यांच्या बंद तोंडाकडे मला बघवत नव्हतं.

दामिनीला आणखी काय सांगू? हेडफोनशिवाय रेकॉर्डरला हात लावायचा नाही. बाहेर काढताना माइकला केसाळ टोपडं घालायचं, नाहीतर आपल्याकडचा वारा सगळं खाऊन टाकतो. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि चालू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. आणि एक गोष्ट कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, ती तुमच्या घरच्या मुलीला आधी कळायला हवी. बाईमाणसाला कॉलर माइक लावण्याआधी गळ्यात काय आहे ते बघायचं. अव्वांच्या छातीवर मी माइक लावला आणि त्यांच्या लिंगाची चांदीची डबी त्यावर टिक टिक वाजायला लागली. डबी काढून ठेवा असं म्हणायची सोय नव्हती, ती त्यांच्या देहावरून जन्मात उतरलेली नव्हती. तू पलीकडून हात हलवत होतास, ऊन सरकतंय, लवकर. मी घाईघाईने माइक डावीकडे सरकवायला गेले तर अव्वा कळवळल्या. माझा हात धरून म्हणाल्या, 'तिकडं नगं लावू पोरी, दुखून राहिलंय.' मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! माइक कसाबसा खांद्याजवळ पदरात खोचला, दाराआड येऊन बटण दाबलं आणि तुला हात केला.

आता ते बटण. तिला पाठच करायला लाव. अशा रेकॉर्डरवर एकदा बटण दाबलं की लाल दिवा लुकलुकतो. त्याचा अर्थ मशीन तयार आहे, भरत काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो, तेव्हा भरायला लागतं. फसायला होतं ते असं, की दिवा लुकलुकत असतानाही हेडफोनमधून सगळं स्वच्छ ऐकू येतं. मी एकदाच दाबलं होतं, शिवू. माझं चित्त अव्वांच्या त्या कळवळण्यात अडकलं होतं. अकरा मिनिटं त्या माझ्या कानात बोलल्या, मी डोळे पुसत ऐकत राहिले आणि मांडीवर दिवा लुकलुकत राहिला. एके ठिकाणी त्या फोनमध्ये म्हणाल्या, 'बोलायचं नसंल तर नगं बोलू, पण फोन ठिवू नगंस. नुसता धरून बस. तुझ्याकडच्या गाड्या ऐकू येऊन राहिल्यात, तेवढंच बास मला.' हे जगात मी एकटीने ऐकलं. तुझ्या वाट्याचं होतं, माझ्या हातून सांडलं.

एवढंच असतं तर मी त्याच संध्याकाळी तुझ्यापुढे नाक घासलं असतं. तू ओरडला असतास, दोन दिवस बोलला नसतास आणि तिसऱ्या दिवशी मला बाराळीच्या बाजारात घेऊन गेला असतास. पण मी खोटं बोलले त्याला कारण दुसरं होतं. आपलं तुटलं ते तुझ्या वडिलांनी, अण्णांनी लग्नाला नकार दिल्यामुळे, असं तू समजलास आणि मी समजू दिलं. चंद्रप्पाअण्णांनी नकार दिलाच नव्हता. मीच तुझ्यासमोर उभी राहू शकत नव्हते. समाधीच्या दिवशी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालास, 'मला आधी कळायला पाहिजे होतं ग.' त्यानंतर मी जळकोटला आले नाही.

आता ऐक. या पत्रासोबत एका डबीत ते कार्ड आहे. ते कधीच बिघडलेलं नव्हतं, तू घेतलेलं कार्ड चांगलं होतं. अव्वांचं बोलणं संपल्यावर बंद करायचं म्हणून मी बटण दाबलं ते दुसऱ्यांदा दाबलं गेलं आणि तेव्हा कुठे भरायला लागलं. चार मिनिटांची फाइल आहे. सुरुवातीला अव्वांच्या लिंगाच्या डबीची टिक टिक आहे, मी पदरातून माइक सोडवते आहे. मी विचारते, काकू, कुठं दुखतंय? आणि अव्वा सांगतात, गाठ हाय, पाडव्यापासून वाढून राहिली. 'शिवूला सांगू नगंस. त्यो पिच्चर टाकून मला दवाखान्यात घेऊन पळंल. एवढं होऊ दे त्याचं.' त्यानंतरचा आवाज माझा आहे, नीट ऐकू येतो. 'नाही सांगत, काकू. शपथ.' ते तुला ऐकू येऊ नये म्हणूनच कार्ड बिघडलंय म्हणाले. ऑगस्टचा महिना होता तो. तेव्हा लातूरला नेलं असतं तर काय झालं असतं, हे मी एका डॉक्टरला विचारलंय. त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहायची माझी हिंमत नाही. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, तू करशीलही आणि मला ते सोसणार नाही. फक्त तीन वर्षं जी चूक तू स्वतःच्या नावावर धरून बसलायस ती सोड, ती माझी आहे. फाइल दुकानात ऐकू नकोस, घरी ऐक, पंखा बंद करून. आईचा आवाज तुझ्याजवळ असायला हवा, मग त्यात माझं काही का उघडं पडेना. आणि शेवटापर्यंत ऐक. माइक निघाल्यावर अव्वा विचारतात, 'मी बोलले ते समदं शिवूला ऐकू येईल ना ग?' आणि मी म्हणते, हो काकू, सगळं भरलंय.

तुझीच,
सिंधु