वरचा मजला भाड्याने देणे आहे

प्रिय ठकी,

माझं पत्र बघून तू दचकशील. आत्या फोनवर तासभर बोलते, हिला पत्र कशाला सुचलं, असं वाटेल. पण फोन तुझ्या घरात कोण उचलतं आणि कोण ऐकतं, याचा भरवसा नाही. म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहितेय.

माझा जागांचा धंदा बरा चाललाय. शहरात ज्यांना घर परवडत नाही ते सगळे आता आमच्या उपनगरात घुसतायत, त्यामुळे भाव नुसते चढतायत. मी इथे आले तेव्हा सगळे कारखान्यातले लोक होते. त्यांनी पोराबाळांसाठी ऐसपैस दुमजली घरं बांधली, आणि पोरं गेली उडून. आता खाली म्हातारा-म्हातारी आणि वरचा मजला रिकामा, असं गल्लीगल्लीत दिसतं. भाडेकरू तर एकेक नमुना. नवीन हॉस्पिटलातल्या नर्स आहेत, घरूनच कॉम्प्युटरवर काम करणारे आहेत. एक बसड्रायव्हर आहे, तो गच्चीत टोमॅटो लावतो आणि भाड्याबरोबर मालकिणीला पिशवीभर देतो.

पण सगळ्यात हट्टी गिऱ्हाईक म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या मुख्याध्यापिकाबाई. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण दरारा तोच. त्यांचा वरचा मजला मुलगा परदेशी गेल्यापासून बंद. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, जिना बाहेरून. अशी जागा मला रोज मिळत नाही. पण बाईंना विद्यार्थी नकोत, ते गोंगाट करतात. नवं जोडपं नको, ते भांडतं. बँकेतला एक सज्जन माणूस बायकोसकट नेऊन दाखवला, तर बाईंना त्याचे बूट आवडले नाहीत. आणि एकटी बाई तर मुळीच नको, लोक काय म्हणतील! त्यांना फक्त ‘चांगलं कुटुंब’ हवं होतं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. म्हटलं, एक बाई आहे, नोकरी करते, पदरात लहान मुलगी आहे. नवऱ्याचं विचारलं, तेव्हा तो बरोबर नसेल एवढंच सांगितलं. बाईंनी नकाराची मान हलवली. मग माझाही तोल जरा गेला. मी म्हटलं, “बाई, तुम्हीही एकट्याच राहता. उद्या तुम्हालाच भाड्याने जागा शोधायची वेळ आली, तर तुम्हाला कोण देईल?”

बाई उठून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता या घराची पायरी चढायची सोय राहिली नाही. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आल्या आणि विचारलं, मुलगी दंगा करते का? खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, करते, भरपूर करते. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “करू दे. वर पावलं वाजली की घर असल्यासारखं वाटतं.” दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगाऱ्याला बोलावलंसुद्धा.

ठकी, मागे तू आलीस तेव्हा निघता निघता, चप्पल घालताना, सहज विचारल्यासारखं विचारलंस, एकट्या बाईला तुमच्याकडे जागा मिळते का म्हणून. मी काही बोलले नाही. धंद्यातली बाई आहे मी, खात्री झाल्याशिवाय जागा दाखवत नाही. तुझ्या मनगटावरचा वळ मी पाहिला होता, आणि तू बाही ओढून घेतलीस तेही. आता खात्री झालीय. जागा तुझी आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आणि पलीकडच्या शाळेत तुझ्या पिल्लूला घेतील, तसं बाईंनी स्वतः विचारून ठेवलंय. यायचं की नाही ते तू ठरव. मी कोणाच्या गळ्यात जागा मारत नाही. फक्त दादाची काळजी करू नकोस. तुझ्या बाबांना मी सांगेन. माझा भाऊ आहे, मी ओळखते त्याला. आधी चिडेल, दोन दिवस बोलणार नाही, आणि मग तुझं सामान उचलायला सगळ्यांच्या आधी तोच येऊन उभा राहील.

तुझीच,
आत्या